होडीवाली रडत नाही

माझी ताई आवाजाची कलावंत आहे. तिचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही, पण आवाज ऐकल्याशिवाय तुमची सुटका झालेली नसणार. बसस्थानकावर 'कृपया रांगेत उभे राहावे' म्हणते ती ताई. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणते तीही ताईच. भावोजी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, "घरीसुद्धा मला हेच ऐकावं लागतं हो."

मुलांच्या कार्टूनमध्ये तिने ससे केले, कावळे केले, एक सर्दी झालेला ढगसुद्धा केला. ढग शिंकला की पाऊस पडायचा, आणि ती शिंक इतकी खरी होती की त्या आठवड्यात मी तिला काढा करून नेऊन दिला होता. पण मुख्य भूमिका कधी मिळाली नाही. "नायिकेचा आवाज गोड लागतो आणि माझा आवाज खडीसाखर नाही, नुसती खडी आहे," असं ती हसत सांगायची. हसायची खरी, पण मी तिचा पाठचा भाऊ; त्या हसण्यातलं पाणी मला कळायचं.

ती ज्या स्टुडिओत काम करते तिथेच मी ध्वनिमुद्रक आहे. मधे काच. काचेच्या पलीकडे माइकसमोर ती, अलीकडे बटणांसमोर मी आणि माझ्या शेजारी डबिंगच्या दिग्दर्शिका, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. ताईला आमच्या भाषेत येणाऱ्या एका ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेत मुख्य भूमिका मिळाली तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती. मॅडमनी चाचणी घेतली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हीच. हिच्या आवाजाला दोर ओढून घट्टे पडलेत."

मालिका एका होडीवालीची. रुंद नदी, या काठावर गाव, त्या काठावर गाव, आणि मधे ही बाई माणसं ने-आण करते. शब्दाला महाग. नदीवर पूल बांधायचं काम सुरू झालंय. पूल झाला की होडी संपली. बारा भाग. मारामारी नाही, जादू नाही, राक्षस नाहीत. प्रत्येक भागात एखादा उतारू चढतो आणि उतरेपर्यंत आपल्याला तो आतून-बाहेरून ठाऊक होतो.

आता बारकीविषयी. ती ताईची एकुलती एक मुलगी, माझी भाची. दाराची चौकट कपाळाला लागेल इतकी उंच झाली, पण नाव राहिलं बारकीच. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि आठवड्यातून एकदा एका वेबसाइटवर ॲनिमे मालिकांच्या भागांवर लिहिते; त्यापायी जपानीही शिकली. एका वेळी एकच भाग. गोष्ट सांगत बसत नाही. पात्राने हे का केलं, कॅमेरा तिथे का थांबला, त्या क्षणी संगीत का बंद झालं, असलं काहीतरी ती बोट ठेवून दाखवते. लेखाखाली सही नुसती 'बारकी'. हिचं मत आल्याशिवाय आपलं मत ठरवायचं नाही, असं म्हणणारे वाचक तिने कमावले होते. मी तिचे लेख स्टुडिओतल्या फळ्यावर लावायचो. मॅडम म्हणायच्या, "अहो मामा, हा फळा सूचनांसाठी आहे." मी म्हणायचो, "मग, हीसुद्धा सूचनाच आहे."

आई होडीवाली होणार हे कळल्यावर बारकीने आईला मिठीत उचलून जमिनीपासून वर घेतलं. मग खाली ठेवत म्हणाली, "ही मालिका मी मूळ जपानीतून दोनदा पाहिलीये, आई."

"मग?"

"मग काही नाही. फार चांगली आहे." थोडं थांबून म्हणाली, "मी यावर लिहू की नको?"

ताई म्हणाली, "लिही की. पण आई म्हणून लिहायचं नाही. कोणी परकी बाई आहे असं समजून लिही. आपल्या घरात एकच माणूस तोंडदेखलं बोलतो, आणि त्याला मी जेवायला वाढते."

"माझं नाव का घेतेस?" भावोजी वर्तमानपत्राआडून म्हणाले.

बारकीने पहिल्याच लेखाच्या सुरुवातीला स्वच्छ लिहून टाकलं: 'होडीवालीला आवाज देणारी बाई माझी आई आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.' आणि मग लिहीत गेली. चौथ्या भागात होडीचं इंजिन सांभाळणारा म्हातारा आहे, तो जाता-येता इंजिनावर तळवा ठेवतो. आपल्याला वाटतं माया आहे. भाग संपताना कळतं, त्याला ऐकू येत नाही. तो हाताने इंजिन ऐकतोय. त्यावर बारकीने लिहिलं होतं, 'हे आधी सांगितलं असतं तर आपल्याला त्याची कीव आली असती. शेवटी सांगितलं म्हणून आदर वाटतो. माहिती कधी द्यायची, यावरून कळतं की लेखकाला आपल्या पात्राबद्दल काय वाटतं.' जन्मभर आवाजाच्या धंद्यात असलेल्या मला ते वाचून आपल्या हाताकडे पाहावंसं वाटलं.

सहा भाग असे गेले. ताईच्या कामाचं ती कौतुक करायची, पण मोजकं. आणि कौतुकाचं कारण द्यायची. ताई ते वाचून म्हणायची, "पोरगी हात आखडून वाढते, पण वाढते ते गरम असतं."

मग आला सातवा भाग.

त्यात होडीवालीचा मुलगा येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. आता तो पुलावर इंजिनियर आहे. आईची होडी बुडवणारा पूल मुलगाच बांधतोय. पलीकडे जायला म्हणून तो होडीत पाय ठेवतो. नियम असा की प्रत्येक उतारूला होडीवाली स्वतः जीवरक्षक जाकीट बांधते. ती त्याच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, हात वर. बस, एवढाच प्रसंग.

आमच्या संहितेत वाक्य होतं, 'हात वर कर रे बाळा.' ताईने ते म्हटलं आणि 'बाळा'वर तिचा आवाज फुटला. पुढे एक हुंदका आला, तो संहितेत नव्हता. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मी टेक थांबवायचं विसरलो. बाहेर आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा देणारे काकासुद्धा ट्रे खाली ठेवून वाजवायला लागले. भाग प्रसारित झाला आणि निरोपांचा पूर आला. 'आम्ही सगळे रडलो', 'आईची आठवण आली', 'या बाईंना बक्षीस द्या.' ताईला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नाव विचारत होतं.

बारकीचा लेख मात्र येईना. ठरलेला दिवस उलटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीवर आली, लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मी वाचलं. तिने लिहिलं होतं:

'ही बाई न रडणारी आहे. सहा भाग आपण तिला ओळखतो. नवरा गेला तेव्हाही तिने होडी वेळेवर सोडली. मूळ मालिकेत ती मुलाला परक्या उतारूसारखं आदराने म्हणते, "हात वर करा." पोटच्या पोराला "करा"! तो एक शब्द ऐकून काळजात चर्र होतं, कारण तिचा राग त्यात गोठलेला आहे. आपल्या भाषेत "कर" आणि "करा" यांत केवढं अंतर आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही; ही जागा जणू आपल्याच भाषेसाठी लिहिली होती. आणि आपणच ती घालवली. आपल्या होडीवालीने "बाळा" म्हटलं आणि ती रडली. ती रडली म्हणून आपण रडलो. ती रडली नसती तर आपण का रडतोय हे आपल्याला शोधावं लागलं असतं. आवाज सुंदर होता. होडीवालीचा नव्हता.'

"मामा," ती खिडकीकडेच तोंड करून म्हणाली, "पन्नाशीनंतर तिला पहिल्यांदा टाळ्या मिळाल्यात. मी कोण त्या थांबवणारी?"

"मला विचारू नकोस. मी दोन्हीकडचा पाहुणा."

"पाहुण्यासारखं बोलू नकोस. खोटं लिहू का?"

मी म्हटलं, "खोटं लिहिलंस तर ती एका वाक्यात ओळखेल. आवाजाची बाई आहे ती, तिला कागदावरचाही खोटा सूर ऐकू येतो. आणि मग तुझी आधीची सहाही कौतुकं खोटी ठरतील तिच्या लेखी."

मग माझ्याच टेबलाशी बसून तिने लेख पाठवून दिला आणि माझा डबा उघडून उभ्या-उभ्या खाऊन टाकला. घाबरली की तिला भूक लागते.

दुपारी मी ताईकडे गेलो. लेख वाचून झाला होता हे भांड्यांच्या आवाजावरून कळलं. भावोजींनी मला दारातच खुणावलं, की वाऱ्याची दिशा बरोबर नाही. बारकी जमिनीकडे पाहत बसली होती. ताईने आमच्यापुढे ताटं आपटली, स्वतः बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "सगळ्या जगाला आवडलं. एका माणसाला नाही आवडलं."

"आई, मी..."

"बोलू दे मला. सगळ्या जगाने मला चार शब्दांत सांगितलं की मी रडवलं. तू दोन पानं लिहिलीस." तिने हात धुतले, पदर सारखा केला. "लाव ती मूळ मालिका. सातवा भाग. मला तो 'करा' ऐकायचाय."

आता तुम्ही म्हणाल, तिने मूळ भाग आधी ऐकला नव्हता का? ऐकला होता, पण एका कानाने. डबिंग करताना डोळे ओठांकडे असतात, तोंड कधी उघडतं, कधी मिटतं. मूळ आवाज कानात पुसट चालू असतो. शिवाय जपानीतलं 'करा' कुठलं आणि 'कर' कुठलं हे आम्हाला कसं कळणार? आमच्यासमोर असतं ते संहितेतलं वाक्य.

बारकीने भाग लावला. प्रसंग आला. होडीवाली म्हणाली, हात वर करा. आवाज सपाट, वहीच्या पानासारखा. ताई पुढे सरकून बसली.

"पुन्हा."

बारकीने मागे नेऊन पुन्हा लावला.

"पुन्हा. आता आवाज बंद करून."

चौघेही आम्ही आवाज बंद करून पाहत होतो. पडद्यावर बाईचे हात मुलाच्या छातीवरची नाडी बांधत होते. ताई एकदम म्हणाली, "थांबव. मागे घे. बघ तिथे. गाठ बांधली ना तिने?"

"हो."

"आता काय करतेय?"

बारकीने डोळे बारीक केले. "सोडतेय. पुन्हा बांधतेय. सैल झाली असेल."

"सैल? इतकी वर्षं जाकिटं बांधणाऱ्या बाईची गाठ सैल? बाकीच्या उतारूंना बघ, एका हिसक्यात बांधून मोकळी होते ती. मग याचीच दोनदा का?" ताई उठून पडद्याजवळ गेली, बोट टेकवलं. "जितका वेळ गाठ बांधतेय तितका वेळ तो तिच्या हाताखाली उभा राहणार. नंतर तो पलीकडे उतरणार आणि जाणार. तू लिहिलंस, तिचा राग गोठलाय. राग कसला डोंबलाचा! रागावलेली बाई गाठ दोनदा बांधत नाही, एकदाच आवळते. ती 'करा' म्हणते कारण 'कर' म्हटलं तर ती मोडेल, आणि होडीत बाकीची माणसं बसलीयत. होडी न्यायचीये तिला."

भावोजींनीसुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं.

"मी रडले ते चुकलंच," ताई म्हणाली. "तिथे तुझं बरोबर. पण तू हातांकडे पाहिलं नाहीस. दोनदा पाहिलीस म्हणे मालिका."

बारकीचा चेहरा असा उजळलेला मी आजवर दोनदाच पाहिलाय. एकदा ती पोहायला शिकली तेव्हा, आणि आता. ती उठली, आईच्या गळ्यात पडेल असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. तिने लॅपटॉप ओढला आणि विचारलं, "हे मी लिहिलं तर चालेल?"

"माझं नाव घालून लिही. फुकट नाही देणार."

लेखाखाली तिने त्याच दिवशी जोड दिली: 'होडीवालीचा आवाज असलेल्या बाईंनी माझी चूक दाखवली. मी शब्द ऐकला, गाठ पाहिली नाही.' आणि सगळं आईच्या शब्दांत, डोंबलासकट. त्या जोडलेखावर इतकी चर्चा झाली की लोक सातवा भाग आवाज बंद करून पाहायला लागले. ध्वनिमुद्रक म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. मी फळ्यावरच्या बाकीच्या सूचना काढून तो लेख मधोमध लावला.

मॅडमना मात्र तो रुचला नाही. "घरचेच असे लिहायला लागले तर बाहेरच्यांची गरज काय?" असं त्या दोनदा म्हणाल्या, दोन्ही वेळा ताईला ऐकू जाईल अशा बेताने. आणि शेवटच्या भागाच्या ध्वनिमुद्रणाला प्रश्न उभा राहिलाच.

शेवटच्या भागात पूल सुरू होतो. होडीची शेवटची खेप रिकामी जाते. पलीकडच्या काठावर मुलगा उभा असतो. होडीवाली दोर खुंट्याला बांधते, त्याच्याकडे पाहते आणि मूळ मालिकेत इथे पहिल्यांदा त्याला अरे-तुरे करते. तिथे आमच्या संहितेत वाक्य होतं, 'बाळा, किती वाळलास रे! जेवलास का काही?' आणि कंसात: गहिवरून.

काचेपलीकडून ताई म्हणाली, "मॅडम, मी फक्त 'जेवलास?' म्हणणार."

"तिचे ओठ जरा जास्त हलतात. एका शब्दात भरणार नाही."

"आधी एक श्वास आहे तिचा. तो मी घेते. ओठ जुळतील."

"अहो, सातव्या भागात लोक तुमच्या रडण्यासाठी आले. शेवटच्या भागात ते तेच मागणार. त्यांना कोरडं पाठवायचं?"

ताईने हेडफोन मानेवर घेतला. मी तिला ओळखतो. या स्टुडिओत तिने कधी कोणाला उलट उत्तर दिलेलं नाही. ज्याला मुख्य भूमिका मिळत नाहीत त्याला उलट उत्तर परवडत नाही. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला निवडलंत तेव्हा म्हणाला होतात, हिच्या आवाजाला घट्टे पडलेत. घट्टे पडलेल्या हाताला लगेच फोड येत नाहीत. दोन्ही करू. तुमचं आधी करते, मन लावून करते. मग माझं. ऐका, आणि तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते जाईल, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे.

पहिला टेक झाला. ताईने शब्द दिल्याप्रमाणे जीव ओतला. गहिवर होता, 'बाळा' होतं, सगळं होतं. चांगला होता. मग दुसरा. पडद्यावर दोर बांधून झाला, बाईने मान वर केली. ताईने श्वास घेतला. तो ओठांतून आत गेला आणि मधेच कुठेतरी अडला, जसा ओझं खाली ठेवताना अडतो. मग म्हणाली, "जेवलास?"

एवढंच. आवाज चढला नाही, ओला झाला नाही. रोज विचारते आहे, कालही विचारलं होतं, असा.

मी टेक वेळेवर थांबवला. मॅडमनी दोन्ही टेक पुन्हा लावायला सांगितले. पहिला ऐकताना त्या मान डोलावत होत्या. दुसरा ऐकताना त्यांची मान थांबली.

"पहिला पुसून टाका, मामा," त्या म्हणाल्या. मग माइकचं बटण दाबून ताईला, "बाहेर या. आणि तुमच्या त्या पोरीला एकदा इथे बोलवा. पुढच्या मालिकेच्या संहिता आधी तिला दाखवून घेऊ. शिव्या खायच्याच असतील तर मुद्रणाआधी खाल्लेल्या बऱ्या."

शेवटच्या भागावरचा बारकीचा लेख छोटा होता. लोक नाराज झाले, इतकी वाट पाहिली आणि एवढंच? तिने लिहिलं होतं: 'या भागात होडीवाली एक शब्द बोलते. त्या शब्दावर मी दोन पानं लिहिली आणि फाडली. ज्यांनी आयुष्यात एकदातरी कोणाची वाट पाहिली आहे त्यांना मी काय सांगणार? नोंद एवढीच करते, की हे काम माझ्या आईचं आहे. पहिल्या लेखात हे सावधगिरी म्हणून लिहिलं होतं. आज मिरवायला म्हणून लिहिते.'

ताईने तो लेख दिवाणखान्यात उभं राहून मोठ्याने वाचला, बसस्थानकाच्या आवाजात. 'मिरवायला' या शब्दाशी येऊन ती थांबली आणि कागद भावोजींच्या हातात देऊन आत गेली. पुढचं भावोजींनी वाचलं. पुढे काही नव्हतं, तरी त्यांनी दोनदा वाचलं.

आता ताई एका नव्या मालिकेत खलनायिका करते आहे. संहिता बारकीने आधी तपासली, नवव्या पानावर स्टुडिओतच दोघींची जुंपली आणि मला माइक बंद करावा लागला. पहिला भाग मागच्या आठवड्यात आला. बारकीने लिहिलंय: संवाद उत्तम, दरारा उत्तम, हसू मात्र उसनं. तेव्हापासून ताई सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन खदाखदा हसण्याचा सराव करते. शेजारच्या डॉक्टरीणबाई काळजीने विचारायला आल्या होत्या. भावोजींनी त्यांना छाती पुढे काढून सांगितलं, "घाबरू नका, आमच्याकडे सुधारणा चालू आहेत."